इंचात बारा टाके कुणासाठी?

दिवाळीनंतर दिल्लीत मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात तीन दिवसांचं शिबिर झालं. विषय होता हाताने गोधड्या-रजया शिवण्याचा. शिकवायला आलेल्या ताई मराठीच, बरीच वर्षं परदेशात राहून आलेल्या, हाताच्या फार स्वच्छ. त्यांचं काम मी जवळून पाहिलंय, नाव ठेवायला जागा नाही. पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांना एक छापील कागद वाटता वाटता त्या बोलून गेल्या, “आपल्याकडची गोधडी म्हणजे खरं तर नुसते कच्चे टाके हो. खरी शिवण त्याच्यावर व्हायची राहून गेलेली असते.” सगळ्या हसल्या. मीही हसले. पाहुण्या बाईंपुढे तोंड वाकडं कशाला करा! घरी येऊन चहा टाकला तेव्हा कुठे राग आला. माझं असंच आहे, सगळं मागाहून सुचतं.

तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्यात चार गोष्टी ठळक छापल्यात. सुई ‘बिट्वीन’ जातीचीच घ्यावी आणि हात बसेल तशी आणखी बारीक करत न्यावी. टाके इंचात दहा ते बारा. कापड लाकडी रिंगमध्ये ताणल्याशिवाय सुई लावूच नये. आणि सुरुवात नेहमी मधोमध करून कडेकडे सरकत जावं. यातलं एकही खोटं नाही. ज्या कापडासाठी हे नियम घडले त्या कापडावर चारही खरे आहेत. माझं भांडण आहे ते ‘नेहमी’ या शब्दाशी आणि त्या ‘च’शी.

आणखी एक भांडण आधीच उरकून घेते. ताईंचं वाक्य मी आमच्या मराठी मंडळात सांगितलं तेव्हा माझ्या बाजूने बोलायला बरेच जण सरसावले. “अहो, आजीच्या गोधडीत माया असते, तिथे टाके कोण मोजतंय!” हा बचाव मला नको आहे. माया असते हे खरं, पण मायेने थंडी अडत नाही आणि मायेने शिवलेली गोधडीही दोन धुण्यांत उसवू शकते. कौतुकाच्या नावाखाली बाईच्या हातातली अक्कल नाकारायची ही जुनी रीत आहे. २०२५च्या फेब्रुवारीत इथे तालकटोऱ्याला अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष तारा भवाळकर. बायकांच्या तोंडी असलेलं वाङ्मय हे ज्ञान आहे, नुसता उमाळा नव्हे, हे ज्यांनी आयुष्यभर अभ्यासातून दाखवलं त्यांना आपण दिल्लीत अध्यक्षपदी बसवलं. मग बायकांच्या बोटांतलं जे आहे त्यालाही तोच न्याय लावा. गोधडीचा टाका लांब असतो तो आजी भाबडी होती म्हणून नव्हे. त्यामागे हिशेब आहे, आणि तो मांडता येतो.

माझ्याकडे आईची एक गोधडी आहे. १९९१ साली आम्ही बार्शीहून इथे आलो तेव्हा ती होल्डॉलमध्ये होती. गेल्या वर्षी तिचा एक कोपरा उसवला, आणि शिवायच्या आधी मी तो उलगडून पाहिला. वरती ठिगळांचा थर. त्याखाली इरकली नऊवारीचे पदरावर पदर, काठ तेवढा अजून टणक, बाकी लुगडं इतकं विरलेलं की खिडकीशी धरलं तर समोरची इमारत दिसावी. मग वडिलांचं धोतर. सगळ्यात खाली मांजरपाट. एकूण सात थर. पट्टी लावून मोजलं: इंचात चार टाके, कुठे साडेतीन. दोन ओळींतलं अंतर माझ्या बोटाएवढं. दोरा सुताचा, चांगला जाड, मूळचा लाल असावा, आता विटकरी. आणि आत, जिथे लुगड्याचं सूत पार झिजून गेलंय, तिथे कापड जागेवर आहे ते केवळ त्या ओळींमुळे. कच्चे टाके पस्तीस वर्षं टिकत नाहीत. कच्चे टाके काढून टाकण्यासाठी घालतात.

नऊवारीचंच गणित बघा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याची चौघडी घातली की लांबी होते दोन मीटरला थोडी वरचढ, आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. म्हणजे एका माणसाला पुरेल असं पांघरूण, आयते चार थर, कुठेही कात्री न लावता. सहावारीची तिघडी घातली तर उंच माणसाचे पाय उघडे पडतात. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणतात, पण इथे पाय पाहून अंथरूण घडी घातलेलं होतं. ज्या बाईला हे गणित येतं तिला सुई निवडता येत नव्हती, असं कसं मानायचं?

आता सुईकडे येऊ. ‘बिट्वीन’ म्हणजे जेमतेम इंचभर लांबीची, ताठ, बारीक नेढ्याची सुई. तिचे नंबर साधारण आठपासून बारापर्यंत वापरतात आणि सुईच्या दुनियेत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड, हे पहिल्यांदा दुकानात गेलेल्याला चक्रावून टाकतं. ती आखूड का? तर चौकटीवर किंवा रिंगवर कापड ताणून शिवायचं असतं म्हणून. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, त्याने सुई उभी दाबायची, खालच्या हाताच्या बोटाला टोक टेकलं की लगेच तिला आडवी करून वर काढायची, पुन्हा उभी, पुन्हा आडवी. पाळणा झुलावा तशी सुई झुलते. या झुलण्यात लांब सुई वाकते, आखूड वाकत नाही. वर कापड, खाली कापड, मध्ये पिंजलेल्या कापसाचा पातळ थर, ज्याला ताई ‘बॅटिंग’ म्हणत होत्या (खाली अंगणात पोरं ओरडत होती, त्यामुळे दर वेळी माझा गोंधळ), अशा नरम सँडविचवर हे तंत्र लोण्यातून सुरी फिरावी तसं चालतं. नव्या, एकसारख्या विणीच्या सुती कापडावर त्या बारा टाक्यांनी जी उठावाची नक्षी येते ती बघत राहावी अशी असते. मान्य.

पण गोधडी रिंगमध्ये बसत नाही. सात थरांची रिंग आवळून बघा, स्क्रू हातात येतो. गोधडी जमिनीवर अंथरतात, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, गव्हाचा डबा असं जे जड असेल ते ठेवतात, आणि बाई तिच्यावरच मांडी घालून बसते. कापड सैल असतं. सैल कापडाचा फायदा असा की सुई स्थिर धरून कापडच तिच्यावर चढवता येतं, चुण्या घालाव्यात तसं. एका दमात चार-पाच टाके सुईवर आले की मग दोरा ओढायचा. त्यासाठी सुई लांब हवी, दीड-दोन इंचांची, आणि सात थरांत वाकणार नाही इतकी जाड. इंचभराच्या सुईवर सात थरांचे दोन टाके मावत नाहीत, बोटाला धरायला काही उरतच नाही. थोडक्यात, चौकटीला आखूड सुई आणि मांडीला लांब सुई. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काय आहे? बैठक बदलली की अवजार बदलतं. विळीवर चिरणारीला कोणी सुरी धरता येत नाही म्हणून नापास करत नाही.

जपानी साशिको शिवण सगळ्यांना हल्ली माहीत आहे, शिबिरातही ताईंनी तिचे फोटो दाखवले, फार आदराने. साशिकोची सुई लांब असते, जाड असते, आणि टाके सुईवर चढवूनच घालतात, कापड हलवत. अंगुस्तानही तिथे तळव्याशी बांधतात, कारण लांब सुई तळव्याने ढकलायची असते. उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नसे, अंगावर तागासारखं विरळ कापड, त्याच्या विणीतली भोकं दोऱ्याने बुजवून ऊब आणायची, ही त्या टाक्याची जन्मकथा. तेच तंत्र आईच्या हातात. एकीला कला म्हणायचं आणि दुसरीला कच्चे टाके? ताई, हे जमलं नाही.

दोऱ्याचं त्या कागदात एक ओळसुद्धा नाही, आणि मला वाटतं खरी गफलत तिथे आहे. सुईचं काम दोऱ्याला वाट करून देणं. सुई दोऱ्यापेक्षा किंचित जाड हवी, म्हणजे भोकातून दोरा न घासता जातो. बारीक सुईत जाड दोरा कोंबला तर दर टाक्याला तो नेढ्याशी पिंजत जातो आणि हातभर ओळ होईपर्यंत तुटतो. म्हणजे आधी कापड बघायचं, त्यावरून दोरा ठरवायचा, दोऱ्यावरून सुई. कागदाने नेमकं उलटं केलंय: सुईपासून सुरुवात. नंबर दहाची सुई घेतली की दोरा आपोआप बारीक घ्यावा लागतो, आणि हाताने क्विल्ट शिवायचा तो बारीक दोरा म्हणून मिळतो तो वरून चकाकी चढवलेला, पीळदार, चिवट. नव्या कापडाला तो शोभतो. विरलेल्या लुगड्याला तो कापतो. साबणाची लांब वडी आपण दोऱ्याने कापतो ना, तसा. ओली गोधडी उचलून बघितलीय कधी? सात थर पाणी प्यायलेले, दगडावर आपटायची, दोघींनी धरून पिळायची. तो सगळा भार टाक्यांवर येतो. चिवट बारीक दोरा तुटत नाही, कापड तुटतं. जाड मऊ सुताचा दोरा भार पसरवतो, आणि फारच ताण आला तर आधी स्वतः तुटतो. दोरा तुटला तर संध्याकाळी पुन्हा ओवता येतो. लुगडं तुटलं तर कुठून आणणार?

मी हे करून पाहिलं, उगाच बोलत नाही. त्याच लुगड्याच्या उरलेल्या तुकड्याची चौघडी घालून ताईंनी दिलेल्या नंबर दहाच्या सुईने आणि चकचकीत दोऱ्याने वीतभर ओळ घातली. कसोशीने, इंचात दहा टाके. टाका वर दिसतो तेवढाच मोजतात, पण त्याला सुई खाली जाते एकदा आणि वर येते एकदा. म्हणजे इंचात वीस भोकं. चौथ्या इंचाला सुई वाकली, सहाव्याला नेढं तुटून बोटात गेलं. तरी ओळ पुरी केली. मग तुकडा दोन्ही हातांनी धरून नेहमीच्या पिळण्याइतकाच ताणला. पोस्टाची तिकिटं फाडताना येतो तसा बारीक ‘टर्र’ आवाज आला आणि तो ओळीवरून सरळ फाटला. दुसऱ्या तुकड्यावर रफूच्या लांब सुईने आणि सुताच्या सहापदरी दोऱ्याने इंचात चार टाके घातले. तो ताणला तेव्हा दोरा कुरकुरला, टाक्यांभोवती चुणी पडली, कापड राहिलं.

इथे कोणी म्हणेल, मग बंगालचा काँथा? तोही जुन्या साड्या-धोतरांचाच, आणि त्याचे टाके तर तांदळाच्या कणीएवढे. बरोबर, आणि हा आक्षेप माझ्यावर घरातच आला. आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या एक बाई मालद्याकडच्या आहेत. त्यांनी माझा फाटका तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि नंबर दहाची सुई बघून म्हणाल्या, “दीदी, इससे तो बच्चे का कान छेदो.” मग स्वतःच्या आईचा काँथा कसा असायचा ते त्यांनी सांगितलं. तीन थर, फार तर चार, तेही तलम साडीचे. दोरा साडीच्या काठातूनच उसवून काढलेला, मऊ. आणि टाका ओढायचा नाही, नुसता ठेवायचा, म्हणून तर काँथ्यावर पाण्यावरच्यासारख्या लाटा उठतात. थर कमी, दोरा मऊ, ताण सैल: म्हणून टाका बारीक चालतो. माझाच मुद्दा त्यांनी माझ्यापेक्षा बरा सांगितला. आणि त्यांच्या आईने रिंग कधी पाहिली नव्हती.

बारा टाक्यांचा हा ध्यास मुळात आला कुठून? जुन्या काळी अमेरिकेत, इंग्लंडात रजईत घालायचा कापूस हातानेच पिंजलेला, सुटा. तो धुतल्यावर गोळा होऊन कोपऱ्यात बसू नये म्हणून ओळी जवळजवळ घालाव्या लागत. लक्षात घ्या, ओळी. दोन ओळींतलं अंतर आणि एका ओळीतले टाके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापूस धरून ठेवतं ते ओळींचं अंतर. ओळीतला टाका किती बारीक, हा नंतर हौसेचा, चढाओढीचा आणि बक्षिसांचा विषय झाला, आणि तिथल्याही जाणत्या बायका नवशिकीला सांगतात की आधी टाके सारखे येऊ देत, बारीक मागाहून बघू. वेल्समधल्या रजयांत लोकर भरायचे, थर जाड, म्हणून टाका मोठा. आणि खुद्द अमेरिकेतच अलाबामा नदीच्या वळणावरचं जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. तिथल्या बायका नवऱ्यांच्या झिजलेल्या कामाच्या पँटी, पोती, कॉर्डरॉयचे तुकडे जोडून रजया शिवत आल्या, टाके चांगले ढोबळ. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनीत, आणि २००६ साली अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. इंचाची पट्टी घेऊन कोणी उभं राहिलं नव्हतं.

‘मधून कडेकडे’ या नियमाचंही हेच. कापसाचा फुगीर थर मध्ये असेल तर शिवताना तो पुढे सरकतो, म्हणून मधून सुरुवात करून ढिलाई कडेला ढकलत न्यायची. शहाणपणाचं आहे. पण गोधडीत सरकायला कापूसच नाही. कारवार मुलुखात, उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोली कोकणीच्या जवळची. त्यांच्या बायका गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. ती सुरू होते कडेला. कोपऱ्यापासून ओळ निघते, चारी बाजूंनी फिरते, मग तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, आणि ठिगळंही वाटेत येतील तशी शिवून घेत बाई शेवटी मधोमध पोचते. ठिगळ लावणं आणि थर जोडणं एकाच ओळीत होतं, दोनदा बसावं लागत नाही. कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची ‘फुलं’ लावतात, फुलांवाचून कवंद उघडी-नागडी समजतात. कोपरा हीच गोधडीची सगळ्यात आधी झिजणारी जागा, तिथे चार-पाच घड्यांचं फूल बसवणं म्हणजे शोभाही आणि चिलखतही. माझ्या आईच्या गोधडीचा नेमका कोपराच उसवला होता, तेव्हा हे मला जरा उशिराच कळलं म्हणायचं.

ताईंच्या बारा टाक्यांच्या नियमाला इथल्या इथेही उत्तर आहे. ऑक्टोबर सरता सरता त्रिलोकपुरीच्या बाजूला रस्त्यावर रुई पिंजणारे बसतात. गेल्या हिवाळ्याच्या रजया उसवून, कापूस पिंजून, खोळीत पुन्हा भरून तिथल्या तिथे ‘डोरे डालतात’. (हिंदीत याचा दुसराही अर्थ होतो, नव्याने दिल्लीत आलेल्या मराठी सुनेने जपून बोलावं.) त्यांच्या हातातली सुई म्हणजे आपलं दाभणच, बोटभर लांब, आणि टाका दोन-दोन, तीन-तीन इंचांचा. का? तर ही शिवण एका हिवाळ्यापुरती. पुढच्या वर्षी ती उसवायचीच आहे, कापूस पुन्हा पिंजायचा आहे. तिथे इंचात बारा टाके घालणारा माणूस मूर्ख ठरेल, आणि उसवणारा त्याला शिव्या घालील. माझ्या एका खोलीत सध्या तीन पांघरुणं आहेत. डिसेंबर-जानेवारीसाठी ही रजई, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीसाठी आईची गोधडी, आणि सोफ्यावर शोभेला ताईंनी शिवायला लावलेला बारा टाक्यांचा चौकोन. तिघांना तीन सुया लागल्या. चौथी, एकच खरी सुई, मला तरी सापडलेली नाही.

वेळेचा हिशेब मात्र मला सगळ्यात झोंबतो. दोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद गोधडी घ्या, दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घाला. अठ्ठावन्न-एकोणसाठ ओळी होतात, एकूण शिवण एकशेसतरा मीटरच्या आसपास. इंचात चार टाक्यांनी अठरा हजारांवर टाके. इंचात बारांनी पंचावन्न हजार. आमच्याकडे गोधड्या शिवायच्या त्या चैत्र-वैशाखात, मृगाआधी, दुपारच्या वेळी. सकाळी पाणी, स्वयंपाक, रान. संध्याकाळी पुन्हा चूल. मधल्या दोन-तीन तासांत चार बायका मिळून एक गोधडी पुरी करायची, मग दुसरीच्या दारात बसायचं. पाऊस लागला की संपलं. अठरा हजार टाके पाच-पाचच्या घासाने घालायचे म्हणजे साडेतीन हजार वेळा दोरा ओढणं. पंचावन्न हजार, तेही एकेक झुलवून, म्हणजे आषाढ उजाडला असता आणि घरातलं लेकरू कुडकुडत असतं. ज्या बाईच्या वेळेला घरात कुणी किंमत दिली नाही तिने स्वतःच्या वेळेचा एवढा चोख हिशेब केला, आणि आपण साठ वर्षांनी येऊन म्हणायचं की शिवण व्हायची राहून गेली?

तरीही टाका हवा तेवढा लांब चालतो असं मी म्हणत नाही. इंचात तीनच्या खाली गेलात तर वर सुटलेल्या दोऱ्यात पायाचा अंगठा अडकतो, पोरीचं पैंजण अडकतं, रात्री कोणी कूस बदलली की ओळच्या ओळ सरकन निघते. माझ्या आत्याची एक गोधडी अशीच होती, तिला आम्ही ‘जाळं’ म्हणायचो. आणि आमच्या बायकांच्या सुयांचंही फार कौतुक नको. पूर्वी वैदूंच्या बायका दारावर सुया, दाभण, बिबे विकायला यायच्या. त्यांच्याकडून घेतलेली सुई गंजेपर्यंत, गंजल्यावर चुलीच्या राखेने घासून, टोक दगडावर ओढून वापरायची. नेढ्याला धार असेल तर ती दोरा खाते, हे आईला माहीत होतं, पण नवी सुई आणायला बाजाराचा दिवस उजाडावा लागे. एकोणिसाव्या शतकात जगाला सुया पुरवणारं इंग्लंडातलं रेडिच, आता आपल्या निलगिरीत केट्टीला होणाऱ्या पोनी छाप सुया: गुळगुळीत नेढ्याची चांगली सुई स्वस्तात पाकीटभर मिळत असताना गंजक्या सुईशी निष्ठा ठेवण्यात अर्थ नाही. गोधडीसाठी दुकानात जाल तर रफूची लांब सुई मागा, किंवा टोप्या शिवणाऱ्यांसाठी निघालेली ‘मिलिनर’ बघा. मिलिनरचं नेढं बाकीच्या सुईपेक्षा रुंद नसतं, त्यामुळे टाके तिच्यावर चढवायला आणि उतरवायला सोपे. पण तिचे बारीक नंबर घेऊ नका, ते चार थरांच्या वर वाकतात. जुन्या जीन्सचा थर मध्ये आला, आणि हल्ली येतोच, तर चुण्या घालायच्या भानगडीत न पडता तेवढ्यापुरती सुई उभी खाली, उभी वर, एकेक टाका घालावा. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा आळशाचा, म्हणायची आई. आणि गाठ थरांच्या पोटात ओढून घ्यावी, वर ठेवली तर ती अंगाला टोचते.

शिबिरानंतर ताईंना मी आईच्या गोधडीचा कोपरा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, बोटाने ओळींतलं अंतर मोजलं, आणि म्हणाल्या, “काकू, पण हे सारखे आहेत हो. चारच आहेत, पण सगळे सारखे.” कागद त्या बदलणार का, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं, जिथे खालून येणारी सुई टोचून टोचून घट्टे पडलेत, आणि पिशवीतून एक चामड्याचं अंगुस्तान काढून दिलं. आईने जन्मभर अंगुस्तान वापरलं नाही, तिच्या बोटांची टोकं शेवटी शेवटी दुधाचं तापमानही सांगू शकत नव्हती. मी ते घेतलं. मधल्या बोटाला जरा सैल होतं, आतून चिकटपट्टीचा एक वेढा दिल्यावर नीट बसलं.